बियाण्याचं बिल कुठून आणू?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशी वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना प्रोत्साहन द्या, असं सांगणारा तुमच्या पेपरातला कालचा लेख वाचला. रात्री वाचला, सकाळी परत वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की योजना आहेत पण शेतकरीच पुढं येत नाहीत, जनजागृती कमी पडते. आम्ही आलो होतो हो पुढं. काय झालं ते ऐकून घ्या.

आमच्याकडं आईच्या सासूकडून आलेली ज्वारी आहे. दाणा भरला की आई स्वतः रानात जाते, बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडून देते कारण शेजारच्या हायब्रीडचा पराग तिथं येतो, मग मधल्या पट्ट्यातली भरदार, कीड न लागलेली कणसं हातानं खुडते, वेगळी वाळवते, वेगळी बडवते (मळणीयंत्रात घातली की आधीच्या दाण्यांची भेसळ होते) आणि राखेत घोळून ठेवते. उतारा हायब्रीडपेक्षा कमीच, ते मी नाकारत नाही. पण पावसानं ताण दिला तरी ताट तग धरतं आणि कडबा जनावरं आवडीनं खातात.

दोन वर्षांपूर्वी सेंद्रिय शेतीसाठी मदत मिळतेय असं कळलं म्हणून ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. पीक निवडलं, पुढं वाणांची यादी उघडली, सगळी सुधारित नाहीतर संकरित नावं, आमच्या ज्वारीचं नाव नाही आणि 'इतर' असा पर्यायपण नाही. खाली लिहिलेलं, बियाणं खरेदीचं पक्कं बिल अपलोड करा. ऑफिसात गेलो. तिथले साहेब चांगले होते, म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे, पण बिलाशिवाय सिस्टीम पुढं जात नाही. एक पिशवी विकत घ्या, बिल जोडा, मग रानात काय पेरायचं ते पेरा." म्हणजे जुनं वाण पेरून मदत हवी तर आधी नवं वाण विकत घ्यायचं आणि वर खोटं बोलायचं. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, खोट्याचा पैसा आपल्याला नको. अर्ज तसाच सोडला.

आता 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा घ्या. त्याच्या कलम 39 मध्ये शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या, वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. जुनी वाणं जपणाऱ्याला राष्ट्रीय जनुक निधीतून बक्षीस द्यायची तरतूदही तिथंच आहे. कायद्यात हक्क लिहिलाय आणि अर्जात रकाना नाही, हे कसं चालेल?

लेखात पुरस्कारांचं कौतुक होतं. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता, आईनं तो पेपर जपून ठेवलाय. वाणं जपणाऱ्या समूहांना 10 लाखांचा प्लांट जीनोम सेव्हियर पुरस्कार मिळतो, तोही चांगलाच आहे. पण पुरस्कार मोजक्यांना मिळतो आणि एकदाच मिळतो, बियाणं मात्र सारखं पेरत राहावं लागतं. दोन हंगाम चुकले, मडकं उंदरानं फोडलं, की वाण गेलं. म्हणून मोबदला हंगामाच्या हिशोबानं द्या, इतके गुंठे जुनं वाण पेरलं तर इतके पैसे. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया आणि पेरू या देशांत किनोआ नावाच्या धान्याच्या मागं पडलेल्या वाणांसाठी असा प्रयोग झालाय. शेतकरी गटांनाच विचारलं की हे वाण पेरायला तुम्ही काय घ्याल, गटांनी बोली लावली आणि मोबदला अवजारं, शाळेचं साहित्य अशा वस्तूंत दिला. आम्हाला असं कुणी कधी विचारलंय का? पाहणी करायची तर गावातल्या चार जाणत्यांना घेऊन रानात या, कणसं बघा. बिल कशाला?

उलट युरियाची गोणी उचलली की सवलत आपोआप मिळते, शेणखत टाकणाऱ्याला तशी आपोआप मिळत नाही. मग शेतकरी काय टाकणार?

आणि जुनी वाणं फक्त आमच्या हौसेसाठी नाहीत. 1970 च्या सुमारास भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू आला, तेव्हा फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं 6 हजारांवर नमुने तपासले आणि प्रतिकारशक्ती निघाली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात. त्याचंही बिल कुणाकडं नव्हतं.

अजून एक. लेखासोबत 'गावरान ज्वारी' म्हणून जो फोटो छापलाय ती गावरान नाहीये. ताटं कमरेएवढी, कणसं मुठीसारखी घट्ट आणि सगळं रान एका उंचीचं. आमची ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते आणि दोन ताटं सारखी नसतात. आईनं फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं, ही पिशवीतली आहे. वाणावरच्या लेखात वाणच चुकावं याचं फार वाईट वाटलं. कृपया दुरुस्ती छापा. खरा फोटो हवा असेल तर कळवा, आमचं पीक सध्या पोटरीत आहे, दाणा भरला की पाठवतो.

आपला,
एक शेतकरी वाचक