मोहोळसाहेब, इंजिनाचा पार्ट खरंच बदलला का, हे आम्ही कुठे पाहायचं?

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी विश्रांतवाडीला राहतो. लोहगावला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली दिसतात की चाकं बाहेर आलेली स्पष्ट कळतात. पाहुणे कानात बोटं घालतात, आम्हाला सवय झाली आहे. चौतीस वर्षं भोसरी एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये काढली. ट्रकच्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट असले फोर्जिंगचे जॉब तपासायचे, चांगला असेल तर पास, नाहीतर लाल रंग मारून बाजूला, एवढंच माझं काम. विमानाच्या इंजिनाला मी कधी हात लावलेला नाही, हे आधीच कबूल करतो. पण धातू कसा थकतो आणि कागद कसा खोटं बोलतो, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे.

जुलै २०२५ मध्ये एक बातमी वाचली आणि पेपर बाजूला ठेवला. युरोपच्या विमान नियामकाने २०२३ मध्ये लीप-१ए या इंजिनांबद्दल एक आदेश काढला होता. काही सील आणि काही फिरणारे भाग यांच्या उत्पादनात त्रुटी सापडल्या होत्या, ते ठरलेल्या मुदतीत बदलायचे होते. आपल्याकडच्या एका कंपनीच्या एका ए३२० विमानात ते मुदतीत बदलले गेले नाहीत. एवढंच असतं तर उशीर म्हणून सोडून दिलं असतं. पण काम वेळेत झालंय असं दिसावं म्हणून देखभालीच्या संगणकातल्या नोंदी बदलल्याचं दिसतं, असं खुद्द डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याच देशाच्या विमान नियामकाच्या पत्रात होतं. डीजीसीएने हे आधीच पकडलं होतं, मार्चमध्ये कंपनीची कानउघाडणीही केली होती. कंपनीने चूक मान्य केली. विमानात बसणाऱ्यांना मात्र ते जुलैत कळलं, तेही एका वृत्तसंस्थेने ते पत्र बाहेर काढलं म्हणून.

ही बातमी मला का झोंबली ते सांगतो. नव्वदच्या दशकात, नाव घेणार नाही अशा एका कारखान्यात, एका गिऱ्हाइकाने कनेक्टिंग रॉडच्या प्रत्येक लॉटची जादा तपासणी मागितली होती. तपासणीचं मशीन चार दिवस बंद पडलं. माल मात्र जात राहिला. सोमवारी ऑडिट होतं. रविवारी दुपारी सुपरवायझर आणि मी बसलो आणि चार दिवसांचं रजिस्टर भरून काढलं. एकच पेन, एकच अक्षर, चहाचे दोन कप. खाली माझी सही. सोमवारी ऑडिटर आला, पानं उलटली आणि म्हणाला, तुमचं रजिस्टर फार नीटनेटकं आहे. तेव्हा आम्ही हसलो. खरं तर त्याने तिथेच थांबायला हवं होतं. शॉपमधल्या खऱ्या रजिस्टरवर तेलाची बोटं उमटलेली असतात, खाडाखोड असते, एखादा आकडा गिरवलेला असतो. स्वच्छ पान दिसलं की शंका घ्यावी, हे मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला शिकवलं, पण स्वतःचा तो रविवार काही कुणाला सांगितला नव्हता. आज सांगतोय.

आता मूळ मुद्दा. विमानाच्या इंजिनात दोष सापडला की ज्या देशात त्या इंजिनाचं डिझाइन झालं तिथला नियामक आदेश काढतो. हँगरमध्ये त्याला 'एडी' म्हणतात. अमुक पार्ट बदला, अमुक ठिकाणी अल्ट्रासॉनिक तपासणी करा, इतक्या तारखेपर्यंत किंवा इतक्या सायकलच्या आत. एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल. इंजिनाच्या पात्याला तारीख कळत नाही, सायकल कळते. सेंट्रिंगच्या बाइंडिंग वायरीला दोन पीळ जास्त दिले की ती तुटते, पण कितव्या पिळाला तुटेल ते डोळ्यांनी दिसत नाही. टर्बाइनच्या डिस्कचंही तसंच. पुणे-दिल्ली असो की पुणे-नागपूर, लांबी वेगळी, पण सायकल एकच धरतात. आपल्याकडे एकेक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, म्हणजे मीटर भराभर पळतो.

आपला विभाग नुसता बसून असतो असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांची लो प्रेशर टर्बाइनची पाती ओळीने दगा देऊ लागली, तेव्हा डीजीसीएने १ नोव्हेंबरला इंडिगोला सांगितलं, की ९७ ए३२० निओ विमानांची दोन्ही इंजिनं ३१ जानेवारीपर्यंत सुधारित पात्यांची करा, नाहीतर विमान जमिनीवर. त्याआधी मार्च २०१८ मध्येही याच जातीच्या इंजिनांची ११ विमानं एका दिवसात उभी केली होती, लोकांची तिकिटं रद्द झाली, आरडाओरडा झाला. मी तेव्हा घरात म्हणालो होतो, शाब्बास.

पण पुढे ३१ जानेवारीची ३१ मे झाली. मेची ३१ ऑगस्ट झाली. मधे कोविड आला, इंजिनं मिळत नव्हती, सगळं मान्य. मुदतवाढ देणं म्हणजे पाप नव्हे. आमच्या शॉपमध्येही ड्रॉइंगबाहेरचा माल कधीकधी घ्यावा लागायचा. त्यासाठी 'डेव्हिएशन' काढावं लागे. त्या कागदावर किती नग, कोणत्या हीट नंबरचे (म्हणजे धातूच्या कोणत्या घाण्यातले), ड्रॉइंगपेक्षा किती बाहेर, तरी चालेल हे कोणी कोणत्या हिशोबाने ठरवलं आणि परवानगी कधी संपते, एवढं लिहिल्याशिवाय माझा साहेब सही करत नसे, आणि तो कागद मशीनजवळ टांगलेला असे. ऑपरेटरलाही वाचता यायचा. आधी जानेवारीपर्यंतच चालेल म्हटलेलं पातं मेपर्यंत का चालेल आणि ऑगस्टपर्यंत का चालेल, याचं डेव्हिएशन मला वाचायला कुठे टांगलेलं दिसलं नाही.

मुदत लांबवल्याची किंमत कशी असते त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये साउथवेस्ट या विमान कंपनीच्या एका बोइंग ७३७ च्या सीएफएम५६ इंजिनाचं फॅनचं पातं तुटलं. विमान सुखरूप उतरलं. वर्षभराने, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिथल्या नियामकाने या पात्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला. हरकती मागवल्या, कंपन्यांनी जादा अवधी मागितला, फाइल फिरत राहिली. १७ एप्रिल २०१८ ला त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचं, त्याच जातीच्या इंजिनाचं पातं तुटलं, कव्हरचा तुकडा खिडकीवर आदळला आणि खिडकीतली प्रवासी बाई गेली. त्या पात्याने बत्तीस हजारांवर सायकल काढल्या होत्या. तपासणीचा तातडीचा आदेश मग तीन दिवसांत निघाला. तीन दिवसांत! आणि इंजिनाचं ते कव्हर मजबूत करण्याच्या आदेशाचा प्रस्ताव यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

तरीही तिथली एक गोष्ट मला आवडते. त्यांचे प्रस्तावित आदेश कोणालाही वाचता येतात, हरकत घेता येते. त्यात किती विमानांना लागू, कामाला किती तास, पार्टची किंमत किती, असा सगळा हिशोब असतो. मजुरी तासाला ८५ डॉलर धरलेली मी पाहिली. भोसरीचा फिटर ते वाचून दोन मिनिटं गप्प बसेल, पण ते असो. हिशोब मांडलेला असतो, एवढाच माझा मुद्दा.

आदेश आणि सल्ला यांतला फरकही लोकांना समजावून सांगायला हवा. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात डिसेंबर २०१८ च्या एका अमेरिकन पत्रकाचा उल्लेख आहे. इंधनाच्या स्विचचं लॉक तपासा, असा तो सल्ला होता, सक्ती नव्हती, म्हणून कंपनीने ती तपासणी केली नाही. अपघात त्यामुळे झाला असं अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण अपघातानंतर महिन्याभराने डीजीसीएने तीच तपासणी २१ जुलैच्या आत करायला तशी विमानं असलेल्या कंपन्यांना सांगितलं. म्हणजे काम काही दिवसांचं होतं.

आता तुमच्याकडे मागणं. डीजीसीएच्या संकेतस्थळावर देशातल्या प्रत्येक प्रवासी विमानाचा व्हीटी क्रमांक, म्हणजे व्हीटी अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक, टाकला की त्याच्या इंजिनांवर कोणते सक्तीचे आदेश लागू आहेत, मुदत काय, काम कोणत्या तारखेला झालं, कोणत्या दुरुस्ती केंद्रात झालं, एवढं दिसावं. मुदतवाढ दिली असेल तर तिचं डेव्हिएशन तिथेच. काम करणाऱ्या इंजिनिअरचं नाव नको, त्या बिचाऱ्याच्या मागे लोक लागतील. आणि नोंद एकदा चढली की ती पुसता येऊ नये. दुरुस्ती करायची तर जुनी ओळ दिसत राहून खाली नवी ओळ यावी, आमच्या रजिस्टरात चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायचा नियम होता तसं.

कोणी म्हणेल, प्रवाशांना यातलं काय कळतं, उगाच घबराट होईल. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी ए३२० जातीच्या विमानांच्या एका संगणकाचं सॉफ्टवेअर बदलायचा तातडीचा आदेश आला, तेव्हा देशातली ३३८ विमानं त्यात होती. कोणत्या कंपनीची किती, त्यातली किती झाली, हे आकडे आपल्याच खात्याकडून बाहेर आले आणि दोन-तीन दिवसांत काम उरकलं. कुठे घबराट झाली? लोकांनी आकडे वाचले आणि प्रवासाला गेले.

तुम्ही स्वतः तालमीतले आहात. जानेवारी २०२३ ची कोथरूडची महाराष्ट्र केसरी तुम्हीच भरवलीत. बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायचे की नाही यावरून केवढा वाद झाला! आमच्या पारावर ज्याने जन्मात लंगोट लावला नाही तोही मोबाइलवर ती कुस्ती पुढे-मागे करून पाहत होता. पंच बरोबर होते की चूक, यावर अजून एकमत नाही. पण कुस्ती चारचौघांत झाली होती म्हणून निदान भांडता तरी आलं. इंजिनाच्या बाबतीत आखाडाही बंद आणि पंचाची वहीही बंद.

पंचही कमी आहेत. डीजीसीएच्या मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचं संसदीय समितीने २०२५ मध्ये नोंदवलंय. एका इन्स्पेक्टरच्या अंगावर तीन शिफ्ट टाकल्या की काय होतं ते मला विचारा. तो जॉब पाहायचं सोडून कागद पाहू लागतो, कारण कागद लवकर उरकतो. त्याला दोष देऊन भागत नाही. पदं भरायला वेळ लागेल हे मी समजू शकतो. पण नोंदी उघड्या केल्या तर शॉपमध्ये आयुष्य घालवलेली माझ्यासारखी शेकडो माणसं पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, ओझर इथे घरी बसून आहेत, ती त्या फुकटात वाचतील. आणि आम्ही फार किरकिरी माणसं आहोत, साहेब.

याने तिकिटं महागतील हे मला माहीत आहे. प्रॅटच्या इंजिनांपायी आपल्याकडे कितीतरी विमानं महिनोन्महिने उभी राहिली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा दोष याच इंजिनांना दिला, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर दोनच महिन्यांत कळलं की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंतच्या काही पार्टांच्या धातूच्या पावडरीतच खोट होती. म्हणजे खोट पडली तेव्हा ती कोणाच्या गेजला सापडली नाही. वर्षांनी सापडते. म्हणून तर नंतर निघालेल्या आदेशाला एवढं महत्त्व, कारखान्यातून सुटलेली चूक पकडायची तीच एक जागा उरते.

मागच्या वर्षी लोहगावहून निघालेल्या एका विमानात आम्ही पाऊण तास बसून होतो. 'तांत्रिक कारण' एवढंच सांगितलं. शेजारचा तरुण वैतागून विमान कंपनीला शिव्या घालत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, थांबवलं हे बरं झालं. तो म्हणाला, काका, पण काय झालंय ते सांगायला काय जातं? मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या महिन्यात मुलीकडे बेंगळुरूला जायचं आहे. विमानात चढण्याआधी शेपटीजवळचा व्हीटी क्रमांक मी डायरीत लिहून घेणार आहे. तो घरी येऊन कुठे टाकायचा, तेवढं तुमच्या कार्यालयातून कळवावं.

आपला,
भोसरीतला एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
विश्रांतवाडी, पुणे