पीडीएफ पाठवली म्हणजे ट्रेनिंग झालं का?

संपादक महोदय,

अंगणवाडी सेविकांना मोबाईलवरून ट्रेनिंग देणार, ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली. विरोध नाही, पण मोबाईलवर नेमकं पाठवणार काय? माझी वहिनी सेविका आहे, तिच्या ग्रुपवर भलीमोठी पीडीएफ येते, ती उघडेपर्यंत फोन गरम होतो आणि वाचणार कधी तर रात्री भाकऱ्या उरकल्यावर. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, कारण फोन सारखे हँग व्हायचे आणि मुलांच्या पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं, म्हणजे बायकांना शिकायचं नव्हतं असं अजिबात नाही.

साधं उंची मोजायचंच घ्या. दोन वर्षांच्या आतलं बाळ झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं करून, आणि दोन्हीत साधारण ०.७ सेंमीचा फरक येतो, म्हणजे मोजताना गल्लत झाली की एखादं पोर उगाच खुजं ठरणार नाहीतर खरं खुजं सुटून जाणार. हे वाचून कळत नाही हो! टाचा कशा टेकवायच्या, रडणाऱ्या पोराचे गुडघे कोणी धरायचे, हे दोन मिनिटांच्या मराठी व्हिडिओत एखाद्या मुरलेल्या सेविकेनेच दाखवावं, एकदा डाउनलोड केला की रेंज नसली तरी चालेल असा. आणि तो बघायचा वेळ ड्युटीतच धरा, भाकऱ्यांनंतरचा नको.

- एक वाचक, मंगळवेढा