बोटीखालचा गोंगाट

गावभाग, सांगली

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. आईचा गुडघा आहे तसाच आहे. हे पत्र मात्र तुझ्याखेरीज कोणाला लिहिण्यासारखे नाही, कारण 2001 च्या सप्टेंबरमध्ये, जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर, न्यूयॉर्कबाहेर खोळंबलेल्या बोटीच्या इंजिनरूममधून कंपनीच्या नुकसानीचा हिशेब मला कळवणारा माणूस तूच होतास. त्याच दिवसांत कॅनडाच्या बे ऑफ फंडीत बोटींची वर्दळ एकदम घटली, पाण्यातला गोंगाट सुमारे 6 डेसिबलने उतरला, आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाचे संप्रेरक कमी आढळले. 2012 साली प्रसिद्ध झालेले हे संशोधन मी काल वाचले. (विष्ठा गोळा करत हिंडणारे लोक होते म्हणून हे कळले, माझ्या प्रयोगवहीला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

समुद्र एवढा अफाट, त्यात आमचा आवाज कुठच्या कुठे विरून जातो, हा तुझा युक्तिवाद मला कधीच पटला नव्हता. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. आयर्विन पुलाखाली बुडी मारून दगडावर दगड आपटला की पार पलीकडे ऐकू यायचा, तरी पैज हरूनही तू मानले नाहीस. तुमच्या प्रोपेलरच्या पात्यांपाशी बुडबुडे फुटून जी घरघर उठते, ती नेमकी त्याच खर्जात असते, ज्या खर्जात निळे देवमासे शेकडो किलोमीटरवरच्या सोबत्यांना साद घालतात. मंडळाच्या डॉल्बीवरून आपण अबोला धरला होता खरा. पण ती मिरवणूक निदान संपायची, आणि खिडक्या लावून घेता यायच्या.

मला खरोखर छळते ते असे, की सांडलेले तेल वर्षानुवर्षे राहते, प्लास्टिक तर आपल्या नातवंडांनाही पुरेल, आणि हा गोंगाट मात्र इंजिन मंदावताक्षणी ओसरतो. 2017 मध्ये व्हँकुव्हर बंदराने ऑर्कांसाठी (म्हणजे किलर व्हेलसाठी) हॅरो सामुद्रधुनीत बोटींना वेग कमी करण्याची विनंती केली, तेव्हा आवाज खरोखरच उतरला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची 2014 सालची मार्गदर्शक तत्त्वे 2023 मध्ये सुधारली गेली, तरी ती ऐच्छिकच आहेत, आणि ऐच्छिक गोष्टी माणूस किती पाळतो, हे पहाटे फिरायला जाण्याच्या तुझ्या संकल्पावरून मला ठाऊक आहे.

वहिनींची बदली झाली का? चिरंजीवांचा बारावीचा निकाल कळव. आणि तुमच्या बोटीचा प्रोपेलर याआधी केव्हा घासून घेतला होता, हे चीफ इंजिनिअर या नात्याने लिही. गुळगुळीत पाती आवाज कमी करतात आणि तेलही वाचवतात, तेव्हा कंपनीपुढे विषय तेलाच्या खर्चापासूनच काढ.

तुझा,
श्रीराम