नवं कुलूप आणू नकोस

पुणे,
रविवार

प्रिय शिरीष,

तुझा फोन ठेवला आणि म्हटलं, याला पत्रच लिहावं. दाराच्या आतलं काम फोनवर सांगून डोक्यात बसत नाही. तुमच्या मेकॅनिकने सुचवलेला नवा लॉक-सेट मात्र एवढ्यात आणू नकोस. काकांची गाडी एसएस-८० आहे, म्हणजे मारुती ८०० चं पहिलं मॉडेल. हिची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि १९८६ मध्ये हिचं रूपच बदललं. सुरुवातीला बरंचसं सामान जपानहून यायचं. ते भंगारात टाकून बाजारातलं हलकं बॅरल, म्हणजे किल्ली जाते तो कुलपाचा गोल भाग, बसवायचं, हे माझ्या तरी जिवावर येतं.

आधी दुखणं कुठलं ते बघ. ‘दार लागत नाही आणि किल्लीही फिरत नाही’ म्हणालास, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. दार अर्धं उघड, मागच्या कडेला खालून धर आणि वर उचल. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजलीय. इतकी वर्षं त्याच दाराचा आधार घेऊन सगळे उठले-बसले, ते लटकणारच. दार खाली उतरलं की खटका स्ट्रायकरला, म्हणजे चौकटीवरच्या अडकणीला, नीट पकडत नाही, मग माणसं ते धाडकन आपटतात आणि शिव्या खातं कुलूप. काही मेकॅनिक स्ट्रायकरच खाली सरकवून मोकळे होतात. तू पिन बदलून घे.

आता किल्लीचं. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते. पेचकसाने उचकटलीस तर ती उडून कुठे जाईल पत्ता लागायचा नाही. हँडल आणि पॅड (दाराला आतून लावलेला पत्रा झाकणारा तक्ता) यांच्यामध्ये जुनं फडकं घाल आणि बूट पुसतो तसं दोन्हीकडून ओढ, क्लिप आपसूक बाहेर येते. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद अख्खा काढ आणि परत तसाच चिकटव. काचेवरचं पावसाचं पाणी दारात उतरतंच. कागद नसेल तर पॅड फुगतं. मग पॅड कुजलं म्हणून आपण रडत बसतो.

बॅरल आतून एका घोड्याच्या नालासारख्या क्लिपने धरलेलं असतं. खटक्याकडे जाणाऱ्या सळीचं प्लॅस्टिकचं बूच आधी फिरवून सोडव, मग सळी ओढ. हे बूच जुनं झालं की कडकडीत होतं, दोन-चार जास्तीची आणून ठेव. दाराच्या कडेचे स्क्रू जपानी आहेत. त्यांची फुली आपल्या फिलिप्स पेचकसाला नीट धरत नाही, घसरून डोकं खराब होतं. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, पेचकस कुणाकडून तरी माग.

बॅरलच्या आत फिरणारा गाभा असतो, त्यात पितळी पत्त्या आणि बारीक स्प्रिंगा असतात. योग्य किल्ली घातली की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या बरोबरीला येतात, म्हणून तो फिरतो. एखादी वर राहिली की अडतो. आता गंमत बघ: डाव्या दाराला किल्ली लावतो कोण? आतून बटण दाबलं की झालं. म्हणजे तिथलं बॅरल जवळपास कोरं. डावं उजवीकडे आण, उजवं डावीकडे. आधी दोन्ही शेजारी ठेवून बघ. सळी अडकवायचे मागचे आकडे एकमेकांच्या उलट, आरशातल्यासारखे असतील तर आकडे आपापल्या जागी ठेव आणि नुसता गाभा बदल. पत्ती घासून बसवायचा मोह होईल, तो टाळ. घासलेलं कुलूप मग भलत्या किल्लीनेही उघडू शकतं.

आणि किल्ली? काकांच्या खिशातली झिजलेली किल्ली चावीवाल्याला देऊ नकोस, नक्कल तिच्या झिजेसकट निघते. घरात जोडीतली दुसरी नक्की पडली असेल, काकूंना विचार. कपाटातल्या डब्यात सापडेल.

खटक्यावरचं जुनं ग्रीस रॉकेल आणि ब्रशने धुऊन काढ, वाळू दे, मग नवं लाव. बॅरलमध्ये मात्र तेलाचा थेंबही नको, धूळ धरतं. ग्रॅफाइटची पूड फुंक.

एक महत्त्वाचं राहिलं. सगळं जोडल्यावर दार लगेच बंद करू नकोस. उघड्या दारातच पेचकसाने खटका लागलेल्या जागी फिरव, मग बाहेरच्या आणि आतल्या हँडलने तो सुटतो का बघ, किल्लीनेही लॉक करून बघ. तसं न बघता दार लागलं आणि सळी निसटलेली असली, तर बंद दाराचं पॅड काढायची कसरत करावी लागेल.

नाना पेठेतून क्लिपा आणि बुचं घेऊन पुढच्या आठवड्यात पाठवतो. बिजागरीच्या पिनांचं माप कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास