पुलावर अडकलेले इंजेक्शन आणि स्कँडियम-४४

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बंधूंची पेट-सीटी तपासणी (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधाच्या आधारे आजाराची जागा दाखवणारी) ठाण्यातील एका रुग्णालयात ठरली होती. त्यासाठी लागणारे, गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले इंजेक्शन खाडीपलीकडून यायचे होते. गाडी ऐरोलीच्या पुलाजवळ दोन तास रखडली आणि सकाळपासून ताटकळलेल्या बंधूंना ‘डोस पुरणार नाही, पुढची तारीख घ्या’ असे सांगून परत पाठवले गेले. चालकाला तरी काय बोलणार? गॅलियम-६८चे अर्धायुष्यच, म्हणजे निम्मे विरून जायला लागणारा वेळच, ६८ मिनिटांचा, म्हणून दोन तासांत जेमतेम ३० टक्के उरते. त्याच्या जागी याच कामाचे दुसरे किरणोत्सारी मूलद्रव्य, स्कँडियम-४४ असते, तर ७० टक्के शिल्लक राहिले असते, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे ४ तासांचे आहे.

हे स्कँडियम कॅल्शियमपासून मिळते. कॅल्शियम-४४च्या कार्बोनेटची, म्हणजे रसायन म्हणून पाहिल्यास आपल्या चुनखडीचीच, छोटी टिकडी दाबून तयार करतात आणि तिच्यावर सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, प्रोटॉनांचा मारा करतात. अणुकेंद्रात एक प्रोटॉन शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि कॅल्शियमचे स्कँडियम होते. त्यासाठी ११ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची ऊर्जा पुरते, आणि ती पेट तपासणीसाठीच नेहमी लागणारे फ्लोरिन-१८ बनवणाऱ्या छोट्या वैद्यकीय सायक्लोट्रॉनांतही मिळते. ऊर्जा उगाच वाढवली, तर जवळपास अडीच दिवस अर्धायुष्य असलेल्या स्कँडियम-४४एमची (त्याच अणूच्या अधिक ऊर्जेच्या रूपाची) भेसळ वाढते. माऱ्यानंतर टिकडी आम्लात विरघळवून रेझिनच्या नळीतून स्कँडियम वेगळे काढतात. उरलेले द्रावण मात्र मोरीत ओतायचे नसते! निसर्गातील कॅल्शियमच्या शंभर अणूंत कॅल्शियम-४४चे दोनच असल्यामुळे समृद्ध केलेला, म्हणजे कॅल्शियम-४४चे प्रमाण मुद्दाम वाढवलेला, माल महाग पडतो आणि तो परत मिळवून पुन्हा वापरावा लागतो.

स्कँडियम-४४ निर्दोष आहे असे नाही. त्याचे ११५७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण अडवायला शिशाचे जाड कवच लागते. मात्र त्याच मूलद्रव्याचे स्कँडियम-४७ बीटा किरण सोडत असल्याने उपचाराला उपयोगी पडू शकते, आणि रसायन एकच असल्यामुळे ज्या औषधाने गाठ दिसते त्याच औषधाने तिच्यावर उपचार करण्याची शक्यता निर्माण होते.

वाशीत किरणोत्सारी औषधे पुरवणारे सरकारी ‘ब्रिट’ आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र असताना ठाणे-नवी मुंबईच्या रुग्णांनी याबाबत विचारणा करणे गैर नाही. या भागातील रुग्णालयांना स्कँडियम-४४ पुरवण्याचा काही विचार आहे काय, असल्यास समृद्ध कॅल्शियम कोठून आणले जाणार, याची माहिती आपल्या वार्ताहराने संबंधितांकडून मिळवून छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, ठाणे (पूर्व)