बहावा फुललाय, लवकर या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं गुडघा, गोळ्या आणि पथ्य यांतच संपतं, म्हणून आज मुद्दाम लिहायला बसले.

बाबा, तुमचा बहावा फुलला! विहिरीकडच्या बांधावरचा. सात वर्षं नुसती पानं होती. परवा सकाळी पाणी सोडायला गेले, तर वरच्या तीन फांद्यांना पिवळे घोस लोंबत होते. आज झाडाला पान दिसत नाही. मोठे काळे भुंगे दिवसभर घुमतात. खाली पाकळ्यांचा सडा पडलाय, त्यावर पाय द्यायला जीव होईना, मी वळसा घालून गेले. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं तुम्ही म्हणता ना? मी दिवस मोजायला लागलेय.

सगळे वैशाखाला वणवा म्हणतात, पंचांगात मात्र तो वसंतातच येतो. यंदा मला ते पटलं. एप्रिलमध्ये द्राक्षांची खरड छाटणी झाली तेव्हा बागेत नुसते ओलांडे, वेलींचे आडवे हात, उरले होते, बघवत नव्हतं. आता फुटी हातभर झाल्यात. शेंड्याची पानं तांबूस, उन्हात धरली की शीर न् शीर दिसते. विरळणी आटोपली, सबकेनसाठी, म्हणजे काडीला बगलेतून नवी काडी फुटावी म्हणून, शेंडे खुडतोय. पुढच्या हंगामाचे घड याच उन्हात काडीच्या डोळ्यात तयार होतात, हे तुम्ही मला दहावीत असताना सांगितलं होतं. त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

आई, हौदाजवळचा मोगरा रोज ओंजळभर निघतो. देवाला वाहते, दोन फुलं माठात टाकते, तुझ्यासारखीच. दुपारी सगळं चिडीचूप असतं, तेवढा उंबरावरचा तांबट टुकटुक करत राहतो. पावशा अजून ओरडला नाही.

रविवारी त्र्यंबक रस्त्याला गेले होते. अंजनेरीच्या अलीकडे बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. दोन द्रोण घेतले आणि गाडीतच ‘कोंबडा की कोंबडी’ करत खाल्ले. पहिलंच लालभडक निघालं, कोंबडा! बाबा, तुम्ही शेजारी हवे होतात.

बहाव्याचा बहर अजून दोन-तीन आठवडे तरी टिकेल. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की दादाला लगेच फोन करायला सांगा. पुण्याला गाडी घेऊन मीच येते. ओट्यावर तुमची खाट टाकून ठेवलीय, तिथून बांध दिसतो.

तुमची,
माई
गिरणारे, नाशिक