एका एस अक्षरासाठी

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शेजारच्या आजींनी घर रिकामं करताना मला जुन्या पेनींची, म्हणजे अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यांची, बरणी दिली, तेव्हा मागच्या बाजूच्या गव्हाच्या दोन लोंब्यांपलीकडे मला काही दिसत नव्हतं. आई देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी घासायची तशी मी मूठभर पेनी चिंच-मिठाने घासायला घेतल्या होत्या. तुम्ही त्या माझ्या हातून काढून घेतल्यात. "हा रंग नव्वद वर्षांनी आलाय, घासलास तर परत यायचा नाही," एवढंच म्हणालात.

मग १९३१ ची गोष्ट सांगितलीत. धंदे बसले, पगार थांबले, खरेदी आटली. लोकांनी डब्यांत साठवलेली चिल्लर बाहेर काढली आणि ती बँकांत पडून राहिली, मग टाकसाळी नवी नाणी पाडणार कोणासाठी? त्या वर्षी फिलाडेल्फियाने १ कोटी ९३ लाख ९६ हजार पेनी पाडल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोने फक्त ८ लाख ६६ हजार; तिथल्या पेनीवर टाकसाळीची खूण म्हणून एस अक्षर असतं. लिंकनचं चित्र असलेल्या पेनींत यापेक्षा कमी आहे ती १९०९ ची, नाण्याच्या शिल्पकाराची व्ही. डी. बी. ही आद्याक्षरं असलेली एस पेनी, ४ लाख ८४ हजार. हे आकडे मी कुठेही वाचू शकले असते. पण तुम्ही बफेलो निकेल या पाच सेंटच्या नाण्यांचा फोल्डर, म्हणजे वर्षावर्षाच्या खाचांचा पुठ्ठा, उघडून १९३१ वर बोट ठेवलंत आणि ते थेट १९३४ वर नेलंत. मध्ये खाचाच नव्हत्या. १९३२ आणि १९३३ मध्ये अमेरिकेने पाच सेंटचं एकही नाणं पाडलं नाही, दहा सेंटचंही नाही. चार कामगारांतला एक बेकार होता, ते मला त्या कोऱ्या पुठ्ठ्यावरून कळलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मीही नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. गेल्या हिवाळ्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात मला १९३१ ची एस पेनी सापडली. शंभरावर डॉलर सांगितले होते, आणि माझ्या पेनींच्या फोल्डरमधली तीन वर्षं रिकामी राहिलेली खाच डोळ्यांपुढे असल्यामुळे मी पैसे काढले होते. फक्त आनंद सांगायला तुम्हाला फोन केला. "थांब, देऊ नकोस," म्हणालात आणि बर्फातून दीड तास गाडी चालवत आलात. भिंगाखाली नाणं तिरपं धरून मला दाखवलंत: अस्सल नाण्यात ते अक्षर साच्यातच ठोकलेलं असतं, म्हणून पृष्ठभागातूनच वर आल्यासारखं दिसतं. इथे एसच्या पायाशी बारीक रेघ होती. फिलाडेल्फियाच्या साध्या, बिनअक्षरी पेनीवर कोणीतरी अक्षर चिकटवलं होतं. विक्रेत्याशी तुम्ही आवाज चढवला नाहीत. नाणं परत दिलंत, नमस्कार केलात, आणि मला सूप प्यायला नेलंत.

काका, त्या दिवशी माझे पैसे वाचले, पण मला त्याहून मोठं वाटतं ते तुमचं येणं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या एका सेंटसाठी एवढ्या थंडीत बाहेर पडावं!

मागच्या आठवड्यात खरी मिळाली. तपकिरी, लोंब्यांच्या रेघा झिजलेल्या, कडेला बारीकसा खोक. एस मी स्वतः तपासला, चारही बाजूंनी, नाणं तिरपं धरून. तरी खाचेत अजून बसवलेली नाही. रविवारी फोल्डर घेऊन येते, ती तुम्ही बसवायची. तुमचं भिंगही माझ्याकडेच राहिलंय, तेही आणते.

आपली,
बरणीवाली पुतणी